तांब्याची गाठ

मैत्रिणींनो, आमच्या घरी नवरा, जाऊ आणि सासूबाई तिघंही चार दिवस उलट्या-जुलाबानं आडवी आहेत. उभी मी एकटी. पोटात जरा गुडगुडलं की माझा जीव घाबरा होतो.

हात धुऊन धुऊन सालटं निघाली. पाण्याचा माझा तांब्या लाल दोरा बांधून मुडलीच्या कंदांच्या पोत्यामागं लपवला. आपल्याच माणसांची किळस करते, असं त्यांना वाटायला नको.

आज सकाळी तांब्या काढला तर दोऱ्याला गाठ वेगळीच. मी मारते ती नव्हे.

पेज द्यायला गेले तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "रातच्याला उठले तवा दिसलं, दोरा सुटला व्हता. मीच बांधला."

माझा चेहरा बघून हळूच पुढं म्हणाल्या, "साबणानं हात धुऊन बांधला गं. भिऊ नको. मला बी भ्या हाय, तू पडलीस तर कसं?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

खरं सांगते, तरीही तांब्या मी उकळत्या पाण्यानं धुतला. त्यांच्यासमोरच धुतला. मग चुलीजवळ उघड्यावर ठेवला. गाठ मात्र त्यांचीच राहू दिली.

तुमची भीती तुमच्या घरात कुणाला ठाऊक आहे?