कापराची होडी आणि सुलीच्या वेण्या

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा मे महिना. मी कोकणात समुद्रकाठच्या केळशीला, लग्नाला जेमतेम दीड महिना झालेली नवी सून... नवरा मुंबईत, आणि तिथे खोली मिळेपर्यंत मी सासरी. पुण्याहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला जमते अशी माझी ठाम समजूत होती. (अजूनही आहे!)

फक्त एक सात वर्षांची मुलगी मला जमत नव्हती. सुली, माझ्या मधल्या जाऊबाईंची लेक. जाऊबाई वडील आजारी म्हणून दोन दिवसांसाठी खेडला माहेरी गेल्या आणि दोनाचे बारा दिवस झाले. या बारा दिवसांत सुलीने कोणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता. दोन्ही वेण्यांचं पार घरटं झालेलं... कंगवा दिसला की बाईसाहेब गोठ्यामागे पसार!

शेवटी सासूबाईंनी जाहीर केलं, "उद्या सकाळी कात्रीच घालते. उवा झाल्या तर घरभर होतील गो!" त्या बोलल्या की तसंच करायच्या. सुली रडली नाही, नुसती दोन्ही वेण्या मुठीत धरून पडवीत बसून राहिली. मला फार वाईट वाटलं तिचं. म्हटलं, कात्री निघायच्या आत हिला पटवते, बघाच.

माझा बेत असा... पाण्याचा खेळ काढायचा, सुली आपोआप जवळ येईल, मग गोडीगुलाबीने कंगवा. मोठ्या जाऊबाईंची तिन्ही मुलं एका पायावर तयार झाली. आमच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या गठ्ठाभर, छान जाड कागदाच्या. त्यांच्या बोटभर लांबीच्या होड्या कापल्या, पुढे टोक, मागे खाच, आणि खाचेत कापराचा बारीक खडा. कापूर देवघरातला, अर्थातच न विचारता घेतलेला.

"वल्हं नाही, शीड नाही, इंजिन नाही... तरी पळणार," मी छातीठोक सांगितलं. केळशीच्या पोरांना होडीचं काय कौतुक! थोरला म्हणाला, "काकू, काय पण थापा! वारा तरी नको काय?"

विहिरीजवळच्या दगडी दोणीत ताजं पाणी भरलं आणि होड्या सोडल्या. ढिम्म! कापूर बदलला, खाच मोठी केली, तिघांनी हात घालघालून पाणी ढवळलं... एकही होडी तसूभर हलेना. "काकूची होडी झोपली," म्हणत तिघं नाचायला लागली. सासूबाई मागल्या दारातून बघत होत्या, देवाच्या कापराचं काय झालं तेही त्यांना कळलं. माझी बी.एस्सी. अक्षरशः पाण्यात गेली.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "माझी पळतेय."

सुली! एक होडी गुपचूप उचलून तिने बाजूला घंगाळात पाणी भरून सोडली होती, आणि ती होडी आपली आपण गरागरा फिरत होती. तिघं धावली, सगळ्यांनी घंगाळात हात घातले... आणि होडी जागच्या जागी थांबली.

आत्ता माझी ट्यूब पेटली. तेल! सकाळी मीच हौसेने तिघांची डोकी खोबरेलाने चप्प चोपडली होती, आणि डोकं खाजवून तेच हात पाण्यात. कापूर पाण्यावर पसरतो, त्या जोरावर होडी पुढे जाते. तेलाचा नुसता तवंग आला की खेळ संपला. सुलीच्या हाताला बारा दिवसांत तेल लागलंच नव्हतं. तिघांचे हात शिकेकाईने धुतले, पाणी बदललं, आणि काय सांगू, चारही होड्या सुसाट...

सुलीला हे सांगितलं तर ती पहिल्यांदाच माझ्याजवळ सरकली. "म्हणजे मी तेल लावू दिलं नाही ते बरोबर?" म्हटलं, अगदी बरोबर. मग ती हळूच म्हणाली, "आई एसटीत चढताना म्हणाली, ह्या वेण्या सुटायच्या आत येते बघ."

अगं बाई गं! वेण्या सुटल्या तर आई यायचीच नाही, असं धरून बसली होती पोर. आणि आम्ही सगळे कंगवा घेऊन तिच्या मागे.

थोड्या वेळाने मी विचारलं, "एक वेणी राहिली तर चालेल?" तिने बराच विचार केला आणि उजवी बाजू माझ्याकडे केली. तेलाचा थेंब न लावता ती एक वेणी सोडवायला मला तासभर लागला. डावीला हात लावला नाही.

सासूबाईंना जाऊन सगळं सांगितलं. आधी म्हणाल्या, "माडांच्या घरात कोरडी वेणी? लोक काय म्हणतील!" मग पडवीत डोकावून सुलीकडे बघितलं. काढून ठेवलेली कात्री डब्यात परत टाकली आणि मला म्हणाल्या, "मग एक तरी कशाला सोडवलीस गो?"

मी कंगवा फडताळात ठेवून आले.

त्यानंतर चौथ्या दिवशी मधल्या जाऊबाई आल्या. चहासुद्धा न घेता पडवीत बसल्या, सुलीला मांडीवर घेतलं आणि डावी वेणी त्यांनी सोडवली...

होडी का पळत नाही हे मी दहा मिनिटांत शोधून काढलं होतं. पण बारा दिवसांत सुलीला 'का गो?' असं एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही मूल हटून बसलं की मी आधी तेवढंच विचारते, आणि सुलीचे मनातल्या मनात आभार मानते.