रक्ती आणि खिडकी

रविवारी मुलगा मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होता. जंगलात अडकलेला कुणी एक माणूस जीव वाचवायला जनावराचं रक्त पीत होता.

"आई, हिंमत पाह्य याची!"

माझ्या नाकात एकदम बार्शीटाकळीचं घर भरलं. माय खाटकाकडून बकऱ्याचं रक्त डब्यात आणायची, कांदा-तिखटात परतायची. लाल रंग तव्यावर हळूहळू काळा व्हायचा, रक्ती खिम्यासारखी मोकळी व्हायची आणि घरभर ओल्या लोखंडासारखा वास सुटायचा.

एकदा पलीकडच्या मास्तरीणबाई नाकाला पदर लावून ओरडल्या, "अहो, खिडकी तरी लावून घ्या!"

मी लाजून उठले. मायनं मला खाली बसवलं.

"काहून लावाची? चोरून खाऊन रायलो का आपन?" असं म्हणत तिनं खिडकीचं मिटलेलं दुसरं दारही सताड उघडलं.

तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज त्या लाजेचाच संताप येतो. त्यानं जंगलात प्यायलं तर हिंमत, आम्ही भाकरीशी खाल्लं तर घाण?

मुलाच्या हातात डबा दिला आणि त्याला खाटकाकडे पाठवलं. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली. दोन्ही दारं.