चुना म्हणू नका

ते पत्रक मी लिहिलं होतं. इथे गोव्यात आमच्या भागातल्या सरकारी इस्पितळात डोळा दाखवायला आता थेट जाता येत नाही. आधी फोन करायचा. नर्स प्रश्न विचारते आणि आज कुणी यायचं, चार दिवसांनी कुणी, हे ठरवते. गरिबाला दाराबाहेर ठेवायची ही युक्ती आहे, असं माझं ठाम मत होतं. त्यात 'कामावर लागलं' म्हटलं की खिडकीवरचा कारकून ठेकेदाराची चिठ्ठी मागून कामगाराला परत पाठवतो, हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून धारगळच्या बांधकामांवर मी पत्रकं वाटली. त्यात ठळक अक्षरांत होतं : 'कामावर झालं, हे सांगू नका. डोळ्यात काही गेलं का विचारलं, तर नाही म्हणा.'

एका सकाळी अशाच एका कामावर गेलो तर बेळगावकडचे एक गवंडीमामा डोळ्यावर टॉवेल दाबून बसलेले. चुना कालवताना उडाला होता.

"आलं बघा पत्रकवालं," तशातही ते हसले. "लावा फोन. पाठ हाय माझं समदं."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"दोळ्यांत कितें पडलां, बाबा?" नर्सने विचारलं.

मामांनी दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"न्हाई बाई. आपसूकच दिसंना झालं."

"सारकें सांग हां. माती, चुनो, सिमीट?"

तिने तर नावच घेतलं होतं. मी पुन्हा मान हलवली.

"काय बी न्हाई."

"बरें. आतांच यो."

नंबर लागला. मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. रिक्षा मिळून पोचेपर्यंत तास गेला. मामा कण्हत होते आणि व्यवस्था कशी वाकवायची असते, ते मी त्यांना समजावत होतो.

डॉक्टरबाईंनी पापणी उलटली. आत पांढरे कण होते.

"हा चुना आहे! नर्सच्या नोंदीत तर 'काही गेलं नाही' असं लिहिलंय. फोनवर चुना म्हणाला असतात तर नर्सनं तिथल्या तिथं अर्धा तास डोळ्यावर पाणी ओतायला लावलं असतं. मगच निघायचं."

कामावर पाण्याचं पिंप भरलेलं होतं. फोन करताना मी त्यालाच टेकून उभा होतो.

"खोटं कशाला बोललात, मामा?"

"भ्यालो, बाई," मामा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण यांचे?"

"कोणी नाही. सोबत आलोय."

त्या डोळ्याला आता उजेड आणि काळोख एवढंच कळतं. उरलेली पत्रकं मी प्रत्येक कामावर जाऊन परत मागून घेतली. का, असं लोकांनी विचारलं. छपाईची चूक आहे, म्हणून सांगितलं.