एकाच हाकेला ओ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट त्या उन्हाळ्यात भीती कुठे मिळते का, हेच मी शोधत होतो... तीही छापील!

गोष्ट पन्नासच्या दशकातली. सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे एका खेड्यात मी मास्तर होतो. लग्न नवीन. नागपूरच्या मित्राने एक गाजलेली इंग्रजी भयकादंबरी दिली होती – ‘एकट्याने वाचू नकोस’ अशी तंबी देऊन. भर दुपारी ओसरीत बसून मी ती वाचत होतो आणि जांभया देत होतो. नुसतं धुकं आणि मेणबत्त्या! समोर माझी बायको सरू मोहफुलं निवडत होती.

“काय करते जी तुमचं भूत?”

“खिडकीखाली उभं राहून नायकाला नावानं हाका मारतं. थांबतच नाही.”

ती खो खो हसली. “मंग ते भूत नोहे, पाव्हणा होय! भूत एकच हाक मारते. म्हणून तं एका हाकेले ओ देत नाई आपण.”

झालं, होती नव्हती ती भीतीही गेली. चिडून पुस्तक मिटलं, तोच बोडीच्या पाळीवरून, म्हणजे गावतळ्याच्या बांधावरून, हाक आली.

“दिगंबर...”

आवाज सरूचा. पण म्हातारा, थकलेला... आणि सरू तर माझ्यासमोर बसलेली! मी तोंड उघडलं, तसा तिनं मोहाच्या वासाचा हात त्यावर दाबला.

“तुझाच आवाज गं,” मी नंतर म्हणालो.

“माहा कसा राहीन? म्या कधी नाव घेतलं का तुमचं?”

खरंच, उखाण्यातसुद्धा तिनं ते लाजून अर्धवटच घेतलं होतं. पाळीवर जाऊन पाहिलं, कुणी नव्हतं. पण तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कुणी अडलेलं असलं तर? ओ द्यायला हवी होती का? सरू हा विषयच काढू देत नसे.

मागच्या उन्हाळ्यात, इथे चंद्रपूरच्या घरी, सरूच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले. कित्येक दिवस ती बोललीच नव्हती. दुपारी मी बाहेरच्या खोलीत होतो, तेव्हा आतून हाक आली.

“दिगंबर...”

तोच आवाज. तोच थकवा. एकदाच.

अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या हाकेची वाट बघायची, हे तिनंच शिकवलेलं... पण नाही राहवलं. “ओ!” म्हणत आत धावलो.

तिनं डोळे उघडले. चेहऱ्यावर चक्क रुसवा.

“किती उशीर केला जी ओ द्याले,” ती म्हणाली. “बोडीवर उभी राहू राहू पाय दुखले माहे.”

त्यानंतर ती बोलली नाही. याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, कुणाला लागला तर सांगा. मी मात्र आता पहिल्याच हाकेला ओ देतो.