व्याह्यांचा पिवळा कागद

पुस्तकाचं वय विचारणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या लेकीचा सासरा निघाला. लोक पुस्तकात काय लिहिलंय ते बघतात. आमचे व्याही पुस्तक शेवटच्या पानावर उघडतात, नाकाला लावतात, दोन बोटांत कागद चोळतात आणि मिटून ठेवतात. आत राजा मेला की राणी मेली, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ते कधी छापलं, एवढं कळलं की त्यांचं पोट भरलं.

बरं, पुस्तकंही कोणतीही चालत नाहीत. पुण्याच्या एका प्रकाशकाने फार वर्षांपूर्वी मुलांसाठी गोष्टींची एक माला काढली होती. पातळ, हाताएवढी पुस्तकं, प्रत्येकाला नंबर. आमच्या उंद्रीच्या शाळेतही त्यातली काही होती. मी चौथीपर्यंतच शिकले, पण तेवढ्यात दोन-चार वाचली होती. हा प्रकाशक पुस्तकावर साल छापत नसे. पुस्तकं संपली की पुन्हा तशीच्या तशी छापायचा. मग पहिली छपाई कोणती आणि मागाहूनची कोणती? नोकरीतून सुटल्यापासून हे शोधण्यापलीकडे व्याह्यांनी दुसरा धंदा केला नाही. किंमत आण्यांत असली तर जुनं, नव्या पैशांत असली तर अलीकडचं. शिवण दोऱ्याची असली तर जुनं, तारेची असली तर नंतरचं. मागच्या पानावर मालेतल्या बाकीच्या पुस्तकांची जाहिरात असे. तिच्यात शेवटचं नाव कोणतं, त्यावरून हे कोणाच्या आधीचं ते कळायचं. हे सगळं सारखं निघालं तर शेवटचा निकाल कागदाचा. पहिल्या छपाईचा कागद सायीच्या रंगाचा, नंतरचा पांढरा. पांढराही जुना होऊन पिवळा पडतोच, पण "साय येगळी अन् पिवळेपण येगळं, ईनबाई," असं ते मला सांगत. आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात आणि व्याह्याला इवाई.

आपल्या डोळ्याचा हा गर्व त्यांना कापसाने दिला. खामगावच्या जिनिंगमध्ये त्यांनी जन्मभर कापसाची प्रत ठरवली. ढिगात हात घालायचा, मूठभर कापूस उजेडात धरायचा, धागा ओढून बघायचा, आणि हा पांढराशुभ्र, ही कवडी, म्हणजे डागी, असा निकाल द्यायचा. शेतकरी भांडत, पण निकाल फिरत नसे. अशा माणसाला आपला डोळा चुकतो हे कोण सांगणार?

माझ्या लेकीला बघायला आले तेव्हाची गोष्ट. पोरगी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि सासरा खाली वाकून आमच्या लाकडी मांडणीकडे बघतोय. मांडणीचा एक पाय तोकडा होता, त्याखाली माझ्या नवऱ्याने एक जुनं पुस्तक सारलं होतं. व्याह्यांनी ते ओढलं. मांडणी कलली, आणि पितळेची भांडी, डबे, लोणच्याची बरणी, सगळं पाहुण्यांच्या अंगावर आलं. कोणी किंचाळलं, कोणी उठलं. व्याही तिथेच मांडी घालून मागचं पान बघत होते. मग म्हणाले, "स्थळ चांगलं हाय. आण्यातलं हाय." पोरीचं नाव त्यांनी घरी जाताना टॅक्सीत विचारलं म्हणे.

तर मागच्या चार-पाच वर्षांत व्याह्यांचं नशीब उघडलं. खामगावच्या रद्दीवाल्याकडे, अमडापूरच्या बाजारात, जिथे हात घालतील तिथे पहिलीच छपाई. पूर्वी वर्षाकाठी एखादी सापडायची, आता आठवड्याला. पहिल्या छपाईसाठी त्यांनी घरात एक काचेचं कपाट ठेवलं होतं, ते भरलं. मग लेकीच्या साड्या ट्रंकेत गेल्या आणि तिचं कपाटही भरलं.

त्याच सुमारास त्यांचं धोतरही बिघडलं. "पिवळं पडून राह्यलं, नीळ टाकत जा," असं ते माझ्या विहिणीला म्हणत. ती बिचारी टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. ती आणखी टाकायची. शेवटी व्याही आभाळाच्या रंगाचं धोतर नेसून खामगावच्या बाजारातून छाती काढून चालायला लागले, आणि लोक तोंडावर हात ठेवून बाजूला व्हायला लागले. म्हशीच्या दुधाला ते गाईचं म्हणत. लेकीने मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी पोटभर हसले.

पण मग एक दिवस ती हसत नव्हती. मोतीबिंदू पिकलाय, असं डॉक्टरने सांगितलं होतं, आणि व्याही ऑपरेशनला तयार नव्हते. कपाटात आणखी भर घालायला ते रस्त्यावर निघत, आणि त्या आठवड्यात एका ट्रकवाल्याने ब्रेक दाबून, शिव्या देत त्यांना वाचवलं होतं. आणखी थोडे दिवस गेले तर डोळा कायमचा जाईल, असंही डॉक्टर म्हणाला होता. मी बस धरून खामगावला गेले.

"काऊन करत नाही ऑपरेशन?" मी विचारलं.

"ईनबाई, डोळ्यात काच बसवतात. काचेतून साय कशी दिसन? हे हत्यार हाय माझं. बोथट झालं तर मी काय करू?"

"आंधळे व्हा मग."

"होईन. पण तवर जे दिसते ते खरं दिसते."

विहीण पदराने डोळे पुसत होती. मला असल्या रडण्याचा कंटाळा आहे. मी आत गेले, नातवासाठी कालच दुकानातून आणलेली शाळेची बिनरेघांची कोरी वही काढली, मधलं एक पान फाडलं, चारी बाजूंनी कातरलं आणि आणून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, आमच्या घरच्या एका पुस्तकातलं कोरं पान निघालं, बघा बरं. त्यांनी खिडकीशी धरलं. चोळलं. वास घेतला आणि जरा थबकले. पण डोळ्यावरचा विश्वास नाकाहून मोठा. "साय हाय," म्हणाले. "पहिली छपाई."

"कालच्या वहीचा कागद हाय, इवाई. दूध म्हशीचं हाय, अन् तुमचं धोतर निळं हाय. सगळं गाव हसून राह्यलं, तुम्हाले सांगाले कोणी नाही, म्हणून मी आली."

मांडीवरच्या धोतरावरून त्यांनी हात फिरवला, जसा कापसाच्या ढिगावरून फिरवत असतील. मग हळूच म्हणाले, "कधीचं निळं हाय?"

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पट्टी निघेपर्यंत माझाही जीव टांगलेला होता, हे खोटं नाही. मी सल्ला दिला होता, आणि डोळा बिघडला असता तर लेकीच्या घरात मला तोंड दाखवता आलं नसतं. डॉक्टरने पट्टी काढली. व्याह्यांनी पापण्यांची उघडझाप केली, भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाले, "काय चुना मारलाय हो!" माझ्या छातीवरचा दगड उतरला.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही कपाटं रिकामी केली आणि एकेक पुस्तक उजेडात धरायला बसले. आम्ही जवळ बसलो. माणूस खचला तर सावरायला. पांढऱ्याचा ढीग वाढत गेला, सायीचा अगदी छोटा राहिला. शेवटचं पुस्तक ठेवून त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं, ईनबाई. एकट्या खामगावात एवढ्या पहिल्या छपाया निघतातच कशा, याची मले किती दिवसांची धास्ती होती. कोणाले बोललो नाही."

लेकीचं कपाट तिला त्याच दिवशी मिळालं.

विहीण पांढऱ्या ढिगाला सुतळी बांधत होती. दारातून ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. व्याही तिच्याकडे बघत राहिले, अगदी जवळून, भुवया वर करून. म्हणाले, "तू कवा एवढी पिकली वं?"

तिने सुतळीची गाठ मारली. "तुम्ही पुस्तकं पाहून राह्यले होते तवा."

सुतळीचं दुसरं टोक व्याह्यांनी बोटाखाली दाबून धरलं, तिला दुसरी गाठ मारता यावी म्हणून. मी उठून चहा ठेवायला आत गेले. अशा वेळी ईनबाईने मध्ये बसून राहू नये.