चारचौघांत न विचारायचा प्रश्न

आक्कांच्या गळ्यात शिंप्याची टेप असायची. तपासणी शिबिरात माणूस समोर आला की त्याचं नाव विचारण्याआधी त्या त्याची कंबर मोजत. पुरुष पोट आत ओढून घेत, आणि आक्का टेप तशीच धरून शांतपणे थांबत. "श्वास सोडा, आप्पा. पोट तुमचंच हाय, घरला तुम्हीच न्यायचं हाय. मला फसवून काय मिळणार?" आप्पा हसत, पोट बाहेर येई आणि खरा आकडा कागदावर पडे.

मी खानापूरकडच्या खेड्यातून आले आणि बेळगावच्या एका दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा आक्का तिथल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर होत्या. त्यांचं नाव फक्त हजेरीपुस्तकात होतं. डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणत. यकृत तपासायचं नवं मशीन नुकतंच आलं होतं. उजव्या बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवायचा, तो बारीक ठोके देतो, आणि यकृतात चरबी किती साठलीय, ते किती कडक झालंय, याचा आकडा पाच-दहा मिनिटांत मिळतो. दर गुरुवारी आम्ही ते गाडीत घालून निपाणी-चिकोडीकडच्या गावांत न्यायचो. मशीन मी चालवायची. माणसांना त्याच्यापर्यंत आणायच्या आक्का.

ते काम सोपं नव्हतं. सुई टोचतील, तुकडा काढतील, या भीतीनं बायका दारातूनच परत फिरत. आक्का त्यांना कधी मराठीत, कधी कानडीत सांगत, "बाजारात पेरू घेताना दाबून बघताय न्हवं? चिरून तर बघत न्हाय. तसंच हाय हे. फरक इतकाच, पेरू कच्चा असला तर कडक, आणि हे बिघडलं की कडक." हे ऐकून बाई आपणहून आडवी व्हायची आणि उजवा हात डोक्यावर घ्यायची.

आक्का एका बाबतीत मात्र फार कडक होत्या. फॉर्मवर दारूचा प्रश्न होता. तो त्या प्रत्येकाला बाजूला नेऊन, हळू आवाजात विचारत. सरपंच असो की शेतमजूर, बाई असो की बुवा, सगळ्यांना सारखंच. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

निपाणीजवळच्या एका गावात समाजमंदिराच्या हॉलमध्ये शिबिर होतं. आक्का बाहेर नोंदणीत अडकल्या होत्या, आणि माझ्यासमोर बाळगोंडा आप्पा आडवे झाले होते. साठीतले जैन शेतकरी, साखरेचा आजार असलेले, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा न घेणारे. बायको उशाशी उभी, मागं अर्धं गाव. मी फॉर्म वाचत मोठ्यानं विचारलं, "आप्पा, दारू किती पिता?"

 मागं कुणीतरी हसलं. आप्पा उठून बसले, सदरा खाली ओढला, चपला घातल्या आणि निघून गेले. त्यांची बायको माझ्याकडं बघत राहिली, मग तीही गेली.

आक्का मला रागावल्या नाहीत. शिबिर आटोपल्यावर म्हणाल्या, "चल, मंगल. त्यांच्या घरला जाऊ."

आप्पा पडवीत बसले होते. मी माफी मागितली. त्यांनी मान दुसरीकडं वळवली. "आयुष्यात शिवलो न्हाय मी दारूला," ते म्हणाले. "माझ्या घरात त्याचं नाव निघत न्हाय. आणि ही पोरगी सगळ्या गावासमोर विचारती."

आक्का खांबाला टेकून खाली बसल्या. "माझा थोरला भाऊ वडगावात मागावर लुगडी विणायचा," त्या म्हणाल्या. "सुपारीसुद्धा खायचा न्हाय. साखरेचा आजार होता, तोच त्याच्या लिव्हरवर आला. पोट फुगलं, डोळं पिवळं झालं. तवा हे मशीन न्हवतं, आणि सुईला तो भ्यायचा. गल्लीतली लोकं म्हणाली, चोरून पीत असणार. वहिनीच्या माहेरच्यांनीबी तेच धरलं. तो गेला, त्याचं दुःख हायच, आप्पा. पण पिऊन मेला म्हणाले, ते अजून जात न्हाय." मग त्या म्हणाल्या, "न पिणाऱ्यालाबी हे हुतंय, हे लोकांना कळावं म्हणूनच मी गावोगाव हिंडती."

 आप्पांच्या बायकोनं आम्हाला ताक दिलं, ते पिऊन आम्ही निघालो.

पुढच्या गुरुवारी आम्ही शेजारच्या गावात होतो. आप्पा तिथं, तपासणीला लागतं तसं उपाशीपोटी, पहिल्या नंबरला येऊन बसले होते. आकडा बराच वर होता, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. डॉक्टरांनी साखरेची औषधं बदलली, आक्कांनी त्यांना रोज मळ्यापर्यंत चालायला लावलं. वर्षभरानं त्यांचा आकडा खाली आला, तेव्हा त्यांनी तो कागद गावभर दाखवला. त्यानंतर त्या गावातल्या लोकांना बोलवायला आम्हाला जावं लागलं नाही.

आक्कांच्या निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे झाले, फोटो झाले. सगळे पांगल्यावर त्या माझ्या मशीनच्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि पलंगावर आडव्या झाल्या. "माझं बघ," एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःची तपासणी कधीच केली नव्हती.  आकडा आला, तो चांगला होता. मी सांगितला, तरी त्या छताकडं बघत राहिल्या. कानशिलावरून पाणी ओघळत होतं. "दुसऱ्यांना भिऊ नका म्हणून सांगायची," त्या म्हणाल्या, "आणि मीच भीत हुते गं."

आक्का आपल्या मुलीकडं धारवाडला राहायला गेल्या. मला मात्र त्यांचं ते बोलणं सोडेना. माझ्या आईला पंधरा वर्षं साखरेचा आजार होता, आणि मी तिला एकदाही मशीनवर घेतलं नव्हतं. बघू, पुढच्या महिन्यात, असं म्हणत टाळत आले होते. त्याच आठवड्यात तिला बेळगावला आणलं. आकडा चांगला नव्हता.

आईला बाहेर बाकावर बसवून मी आक्कांना फोन लावला. रडत रडत आईचा आकडा सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आईचं कळलं न्हवं आता? लई बरं झालं, औषध तरी सुरू हुईल," त्या म्हणाल्या. "तोंड धू, आणि आईजवळ जाऊन बस. ती तुझ्या तोंडाकडंच बघत असंल."