मांजराच्या लघवीचं प्रशिक्षण

आमच्या खात्यात मांजराला कोणी विचारत नाही. गाय आहे, म्हैस आहे, बकरी आहे, कोंबडी तर आहेच आहे. मांजर दूध देत नाही, अंडं घालत नाही, त्यामुळं त्याच्यासाठी ना औषध येतं ना अवजार. मी राजुऱ्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे, आणि दारात येईल ते जनावर मी तपासते. यावरून वरच्या साहेबांशी माझं नेहमी वाजतं.

राजुऱ्यात मांजरं काय कमी आहेत? खाणीच्या क्वार्टरात, बाजाराच्या गल्लीत, घराघरात आहेत. आणि थंडी पडली की बोके यायला लागतात, लघवी तुंबलेले. बोक्याची लघवीची नळी टोकाशी इतकी बारीक, की रव्यासारखी कचर अडकली तरी बूच बसतं. मागं पिशवी फुगत जाते, अंगात विष चढतं आणि शेवटी काळीज बंद पडतं. लोकांना वाटतं, कोपऱ्यात बसून जोर करून राह्यला म्हणजे पोट साफ होत नाही. मग घरोघर एकच इलाज, एरंडेल. एरंडेल पाजून वाट पाहत बसतात आणि जनावर मरायला टेकलं की माझ्याकडं आणतात. सांगून सांगून माझा घसा बसला, पण एरंडेलाची बाटली काही कोणाच्या घरातून जात नाही.

त्यांच्यावर तरी किती चिडणार? मला स्वतःला कॉलेजात मांजर शिकवलं ते म्हशीचं प्रकरण संपल्यावर उरलेल्या एका दुपारी. अर्धा वर्ग पेंगत होता. म्हणून मी प्रशिक्षण मागत होते. प्रत्येक मीटिंगमध्ये मागायची. आणि प्रत्येक मीटिंगमध्ये एक साहेब तोच विनोद करायचे.

"मॅडम, वाघाच्या जिल्ह्यात राहून तुम्हाले मांजर शिकायचं हाय?"

की सगळे ही ही ही. एकदा माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "साहेब, उद्या वाघाची लघवी तुंबली तर बोलावाल कोणाले? कोंबडीच्या डॉक्टरले?" त्यावर कोणी हसलं नाही. चहा मात्र लगेच मागवला.

शेवटी एकदाचं ठरलं. चंद्रपूरला एका सभागृहात एक दिवसाचं प्रशिक्षण, मांजराचे आजार आणि लघवीचे विकार. बाहेरून तज्ज्ञ येणार होते, आयुष्यभर हेच काम केलेले. खरं सांगते, मी सणाची वाट पाहावी तशी त्या दिवसाची वाट पाहत होते.

नेमकं आदल्या दिवशी दुपारी दवाखान्यामागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक तेलंगणात दिलेली, घरात ती, मशीन आणि बोका. पूर्ण मोहल्ल्याचे बुरखे न् ब्लाउज ती शिवते. पिवळा, थोराड डोक्याचा तो बोका दिवसभर मशीनच्या फळीवर कापडाच्या तुकड्यांत झोपलेला असायचा. गिऱ्हाइकं त्याला उठवून मापं द्यायची. आता तिनं त्याला ओढणीत गुंडाळून आणलं होतं.

"मॅडम, पिशाब होऊन नाई राह्यली याले. शेजारणीनं सांगतलं पोट जाम हाय, मी एरंडेल पाजलं. मंग उलटी कराले लागला."

मी पोटाला हात लावला. पिशवी कच्च्या पेरूसारखी टणक. मी थोडी भूल देऊन नळी घालायचा प्रयत्न केला. मांजराची नळी आमच्याकडं कुठली असायला! माणसाला सलाईन लावायची बारीक प्लास्टिकची नळी असते, तीच सुई काढून वापरते मी. दर वेळी एका जागी अडते. त्या दिवशीही अडली. शेवटी पोटातून सुई टोचून पिशवी रिकामी केली. लाल लघवी आली आणि बोक्यानं लांब श्वास सोडला.

"वाचला न मॅडम?"

"बाई, आजचं भागलं. पण रस्ता उघडला नाही. पिशवी पुन्हा भरणार, आणि पुन्हा पुन्हा सुई टोचता येत नाही, पिशवी फाटते. रस्ता उघडला तर वाचेल, नाही तर नाही." तिचा चेहरा पाहवेना म्हणून मी पुढं बोलले, "उद्या चंद्रपूरले एक डॉक्टर येऊन राह्यला. याच कामाचा डॉक्टर हाय. सकाळच्या बसनं माझ्यासंगं चला. तो उघडून देईल."

ती सकाळी स्टँडवर माझ्या आधी हजर. चेन लावायची कापडी पिशवी, चेन अर्धी उघडी, त्यातून पिवळं डोकं बाहेर. बल्लारपूरपर्यंत तो ओरडत होता. पुढं ओरडणं थांबलं, तर बाईला बरं वाटलं. मला मात्र धस्स झालं. तुंबलेला बोका गप्प होतो तेव्हा तो बरा होत नसतो.

सभागृहाच्या दारात रांगोळी. मोठा बॅनर, त्यावर वाघाचा फोटो. मांजराच्या प्रशिक्षणाला वाघ! असो. तज्ज्ञ डॉक्टर आलेले होते, पण त्यांना पाहुण्यांच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. मी सरळ आयोजक साहेबांना गाठलं. हे तेच, वाघाचा विनोद करणारे.

"सर, केस आणली आहे. जिवंत. आत्ता पाहायला पायजे. मोजकी मिनिटं लागतील."

"मॅडम, प्रमुख पाहुणे निघालेत. ते आले की दीपप्रज्वलन, छोटासा सत्कार, मग तुमचंच आहे ना सगळं. दुपारच्या सत्रात घेऊ."

"दुपारपर्यंत मरेल तो."

"अहो, कार्यक्रमाला एक शिस्त असते."

मी खोलीकडं निघाले, तर दाराशी उभ्या कर्मचाऱ्यानं अडवलं. तज्ज्ञांचा नाश्ता चालू आहे म्हणे. बाईला मी सभागृहाच्या मागच्या बाजूला, जेवणाची टेबलं मांडली होती तिथं बसवलं आणि बोक्याला टेबलावरच्या चादरीवर घेतलं. पोटाला हात लावला. पुन्हा पेरू. मी पुन्हा नळी घातली. पुन्हा त्याच जागी अडली. शेजारी आचारी काकड्या कापत होते, ते हात थांबवून बघत राहिले.

पाहुणे आले ते किती उशिरा आले हे विचारू नका. आले एकदाचे. समई पेटेना, कारण पंखा चालू. पंखा बंद केला तर फोटोवाल्याचं काहीतरी अडलं, म्हणून पुन्हा पेटवली. मग सत्कार. शाल, श्रीफळ, रोपाची कुंडी. पाहुण्यांचा झाला, तज्ज्ञांचा झाला, व्यासपीठावरच्या एकेकाचा झाला. ज्यांनी सत्कार केला त्यांचा, ज्यांचा झाला त्यांनी केला. आपल्या लोकांना शालीचं हे कसलं वेड आहे, मला कळत नाही. माणूस शिकायला बोलावतात, शिकवायला बोलावतात, आणि आधी एकमेकांना पांघरुणं घालत बसतात! मग प्रास्ताविक. प्रास्ताविकात जिल्ह्याची जंगलं, जिल्ह्याचा वाघ, खात्याची घोडदौड. मांजर अजून यायचंच होतं.

मी मागच्या दारातून आत-बाहेर करत होते. एकदा आत आले तेव्हा तज्ज्ञ शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन, समोर बघत बसले होते. बाहेर गेले तर बाई म्हणाली, "मॅडम, याचे पाय थंडे पडून राह्यले."

बस्स! मी भर सभागृहातून चालत पुढं गेले. वक्ते बोलत होते. मी व्यासपीठाखाली उभी राहून ओरडले, "सर, मागं बोका मरून राह्यला! तुम्ही त्याच्यासाठी आले का नारळासाठी?"

आयोजक साहेबांचा चेहरा लालबुंद. "मॅडम, ही काय पद्धत झाली?" असं काहीतरी ते म्हणाले. पण तज्ज्ञ उठले. नारळ टेबलावर ठेवला आणि शालीसकट खाली उतरले. "कुठं आहे?" एवढंच विचारलं.

काकड्यांच्या टेबलावर त्यांनी काम सुरू केलं. स्वतःच्या बॅगेतून खरी नळी काढली. मला म्हणाले, "तुम्ही करा, मी सांगतो. पुढं ढकलू नका. आधी इंद्रिय मागं ओढा, शेपटीकडं. आतलं वळण सरळ होतं. आता पाणी मारत मारत सरका." मी मागं ओढलं. इतकी वर्षं जिथं अडायची तिथून नळी लोण्यातून जावी तशी गेली. पांढरी कचर बाहेर आली, मागून लाल लघवीची धार लागली. आचाऱ्याचा चहा उकळायच्या आत सगळं झालं.

बाई हसली. तोंडावर ओढणी धरून हसली, डोळ्यांत पाणी. बोक्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "झालं बेटा, झालं, घरी जाऊ."

तज्ज्ञांचा हात बोक्याच्या छातीवर होता. त्यांनी इंजेक्शन मागितलं, दिलं. छाती दाबली. पुन्हा दाबली. विष काळजापर्यंत पोचलेलं होतं. बराच वेळ झटल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

"थोडं आधी हवं होतं," ते हळूच म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. या माणसाचा दोष नव्हता, तरी त्याच्या खांद्यावरची शाल ओढून फेकावीशी वाटली. मी रडले असते, पण रागानं रडूही येईना. मागं ओढायचं! फक्त मागं ओढायचं होतं. हे मला कोणी त्या पेंगणाऱ्या दुपारी सांगितलं असतं तर?

आत टाळ्या वाजल्या. प्रमाणपत्रं वाटून घेत होते, कारण जेवणानंतर कोणी थांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. आधी प्रमाणपत्र, मग जेवण, मग शिकणं. आमच्या खात्याची ही रीतच आहे.

बाई पायरीवर बसली होती. बोका मांडीवर, तिच्या पिशवीतून निघालेल्या अस्तराच्या पांढऱ्या कापडात. तज्ज्ञ माझ्याजवळ आले. दोनदा बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, दुपारी ते प्लास्टिकच्या नमुन्यावर शिकवणार होते, पण खऱ्या शरीराची सर त्याला नाही. बाईंना विचारता येईल का?

"तोंड सांभाळून बोला," मी म्हटलं. "आधी वेळेवर हात लावला नाही, आता मेल्यावर लावता?"

पण बाईनं ऐकलं होतं. "काय म्हणून राह्यले ते?" मी सांगितलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग सांगावंच लागलं, की यांना तुमच्या बोक्यावर सगळ्या डॉक्टरांना ती युक्ती शिकवायची आहे. कापणार नाहीत, फक्त नळी घालतील. नाही म्हणा. मी आहे.

ती कापडावरून हात फिरवत राहिली. पंगतीतून पुऱ्यांचा वास येत होता, लोक हसत होते.

"अन् शिकले तर दुसऱ्याचा बोका वाचंल?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

"मंग शिकवा. पण मले वापस पायजे. माह्या आंगणात मातीत देतो मी त्याले." मग पंगतीकडं पाहून म्हणाली, "अन् सगळे शिकले पायजेत. एक बी नाई सुटला पायजे."

जेवणं झाली. बोक्याला मी अस्तरासकट व्यासपीठासमोरच्या टेबलावर आणून ठेवलं. ठरल्याप्रमाणे लोक निघायला लागले. खुर्च्या निम्म्या रिकाम्या. हातात प्रमाणपत्र, तोंडात सुपारी, आणि दाराकडं पाय. बाई उठली. मोठ्या दाराचा एक पल्ला तिनं लोटला आणि दुसऱ्याच्या चौकटीत जाऊन उभी राहिली. बुटकी बाई, खांद्यावर मापं घ्यायची टेप तशीच राहिलेली, सकाळी घाईत काढायची विसरली असेल. पुढचे थबकले. मागचे त्यांच्यावर आदळले. मागून आयोजक साहेब आले, शाल घडी करून हातावर घेतलेली.

"बाई, सरका जरा. मला मीटिंग आहे."

ती हलली नाही. आवाजही चढवला नाही.

"तुमचे सत्कार होईपर्यंत माहा बोका थांबला होता, साहेब. आता तुम्ही थांबा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. ते मागं वळले, पहिल्या रांगेत जाऊन बसले, आणि त्यांच्या मागं बाकीचेही एकेक करून बसले. मी बोक्यावरचं अस्तर उघडलं आणि म्हटलं, "या साहेब, आधी तुम्ही. पुढं ढकलू नका. मागं ओढा."